भाऊजींच्या नापास बाटल्या

आमच्या भाऊजींचा या जगात कुणावरही विश्वास नाही. माणसांवर नाही, सरकारवर नाही, हवामानखात्यावर तर नाहीच नाही. पण एवढ्याने काही होत नाही, तेवढा अविश्वास तुमच्या-माझ्यातही असतो. भाऊजींचा धुतलेल्या भांड्यावरही विश्वास नाही. त्यातून ते भांडं काचेचं असेल, त्याची मान अरुंद असेल आणि ते दुसऱ्या कुणी धुतलेलं असेल, तर बँकेतला कॅशियर चिकटवलेल्या नोटेकडे बघतो तसे भाऊजी त्याच्याकडे बघतात. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहतात नागावला, नारळी-पोफळीच्या वाडीत. मी अलिबागेत वह्या-पेनांचं छोटं दुकान चालवतो आणि दुकान बंद असेल त्या दिवशी स्कूटर काढून ताईकडे जातो. जातो ते ताईच्या हातच्या कालवणासाठी, हे मी आधीच सांगून टाकतो, नाहीतर भाऊजींच्या प्रेमापोटी जातो असा कुणाचा तरी गैरसमज व्हायचा. खुद्द भाऊजींचा तसा समज कधीच झाला नाही. मी दारात दिसलो की ते पहिल्यांदा माझ्या पिशवीकडे बघतात आणि मग म्हणतात, "आज कसा काय? काही काम होतं का?" चाळीस-एक वर्षं मी कामाशिवायच येतोय, पण त्यांना ते अजून पटलेलं नाही.

ताई म्हणते, नोकरीने त्यांना असं केलं. मला वाटतं, नोकरीनेच त्यांना शोधून काढलं. रोह्याकडच्या एका औषधाच्या कारखान्यात भाऊजींनी सगळी हयात बाटल्या तपासण्यात घालवली. समोर दिव्याची पांढरी पेटी, पट्ट्यावरून सरकत येणाऱ्या बाटल्या आणि त्यांच्यावर डोळे रोवून बसलेले भाऊजी. आत कण दिसला, काचेत ओरखडा दिसला, बुडाशी जरा धुरकट दिसलं, की उचलायची आणि बाजूला ठेवायची. नापास. उरलेल्या पास. हे दोन शब्द घेऊन ते कारखान्यात जायचे आणि तेच दोन शब्द घेऊन घरी यायचे. आमटी नापास, शेजाऱ्याने आणलेला नवा पंप नापास, मुलीच्या शाळेची सहल जाते ती बस नापास. ताईला बघायला आले तेव्हाची गोष्ट तर आमच्या घरात अजून सांगतात. ताईने काचेच्या ग्लासातून कोकमाचं सरबत आणलं. मुलाने मुलीकडे बघायचं सोडून ग्लास उचलला, खिडकीच्या उजेडाकडे धरला, सावकाश फिरवला, आणि मग नाकाशी नेऊन हुंगला. आमच्या वडिलांचा चेहरा पडला. मुलाचं पहिलं वाक्य होतं, "ग्लास कशाने धुतलात?" आमची ताई काही गरीब गाय नव्हती. ती म्हणाली, "राखेने. मग चिंचेने. मग साध्या पाण्याने. आणखी काही?" मुलाने सरबत पिऊन टाकलं आणि आईकडे वळून सांगितलं, "पास." आता पास झाला तो ग्लास की मुलगी, हे आमच्यात कुणालाच कळलं नाही. ताईने आजतागायत विचारलेलं नाही.

निवृत्त झाल्यावर हा माणूस करणार काय, ही आम्हा सगळ्यांना धास्ती होती. ती मिटवली जांभळीने. मोठ्या वादळात वाडीतली निम्मी पोफळ आडवी झाली, पण विहिरीजवळचं जांभळीचं झाड तेवढं उभं राहिलं आणि पुढल्या उन्हाळ्यात असं काही लगडलं की खाली पाय ठेवायला जागा राहिली नाही. एवढी जांभळं वाया जाताना भाऊजींना बघवेना. त्यांनी मोबाइलवर काय काय पाहिलं, भंगारवाल्याकडून काचेचे पोटफुगे बुधले आणले आणि पडवीच्या कोपऱ्यात जांभळाची वाइन लावली. वाइन हा माझा शब्द. भाऊजी 'आसव' म्हणतात, आणि ताई सरळ 'दारू' म्हणते. "पडवीत दारू आंबतेय आणि पाहुण्यांना मी काय सांगू? मेला घाणेरडा वास!" हे तिचं ठरलेलं वाक्य. तिने कधी थेंब तोंडाला लावला नाही. भाऊजीही विकत-बिकत नाहीत. नाताळाच्या दिवसांत बाटली उघडतात, आम्हा चार माणसांना औषधाच्या मापाने ओततात आणि आम्ही कसे गिळतो ते संशयाने बघत राहतात. परवान्याचं विचाराल तर मला काही ठाऊक नाही आणि मी त्या वेळी तिथे नव्हतो.

पण वाइन करणं हे भाऊजींच्या लेखी किरकोळ काम. खरं काम बाटल्या धुण्याचं. "फळ खोटं बोलत नाही," ते मला सांगायचे, "साखर खोटं बोलत नाही. खोटं बोलते ती बाटली. बाहेरून चकचकीत आणि बुडाशी बघावं तर काळं. माणसांसारखीच." अरुंद मानेच्या भांड्यात हात जात नाही, आणि हात जात नाही तिथे काहीतरी लपलेलं असणारच, असा त्यांचा सिद्धांत. त्या लपलेल्याला बाहेर काढायला त्यांनी ताईचं स्वयंपाकघर पार धुऊन नेलं. पहिल्यांदा तांदूळ. मूठभर तांदूळ बाटलीत टाकायचे, वर थोडं व्हिनेगर, कोमट पाणी, तोंडावर अंगठा, आणि मनगट असं गोल फिरवायचं की तांदूळ बुडाशी घासत फिरले पाहिजेत. यात ताईचा आंबेमोहोर जातोय हे कळल्यावर घरात जे झालं ते मी लिहीत नाही. तेव्हापासून भाऊजी कणी वापरतात. मग अंड्याची टरफलं. कुटलेली टरफलं उत्तम घासतात म्हणे. श्रावणात घरात अंडं नाही, म्हणून भाऊजी रोज संध्याकाळी किनाऱ्यावरच्या ऑम्लेट-पाववाल्याकडे जाऊन त्याच्या टोपलीतली टरफलं निरखत उभे राहायला लागले. तो बिचारा हादरला. त्याला वाटलं, आरोग्यखात्याचा माणूस आहे. त्याने भाऊजींना फुकट ऑम्लेट देऊ केलं. फुकट ऑम्लेट देतोय म्हणजे अंड्यांतच काहीतरी काळंबेरं आहे, असं ठरवून भाऊजींनी त्याची टरफलंही नापास केली.

समुद्राची वाळू त्यांनी एकदाच वापरली. काचेला ओरखडा येतो आणि ओरखड्यात जंतू दडून बसतो, असं निदान करून सोडली. जाडं मीठ आणि लिंबाची साल चालते. छत्रीची काडी वाकवून तिला काथ्याचा बोंडा बांधला की बाटलीच्या खांद्याला आतून घासता येतं. एका बुधल्यात काडीला बांधलेला मोज्याचा तुकडा सुटून पडला, तो अजून तिथेच आहे. त्या बुधल्याचं नाव भाऊजी काढू देत नाहीत. एकदा जेवताना ते ताईच्या गळ्याकडे टक लावून बघत होते. या वयात काय हे, म्हणून मी मान खाली घातली, तर म्हणतात, "मंगळसूत्राची साखळी बारीक आहे. बुडाला छान फिरेल." ताईने वाढायची पळी हातात तशीच धरली आणि त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. विषय पुन्हा निघाला नाही. माझं स्वतःचं म्हणाल तर मला कवळी आहे, आणि नागावला मुक्काम केला की माझ्या कवळी धुवायच्या गोळ्या कमी व्हायच्या. आधी मला वाटलं, आपणच विसरतो. मग एके दिवशी पडवीतला एक बुधला तळापासून फसफसताना दिसला आणि त्याला माझ्या कवळीचा पुदिन्याचा वास येत होता. विचारलं तर भाऊजी शांतपणे म्हणाले, "दातांना चालतं ते काचेला का चालू नये? तुझे दात तरी कुठे खरे आहेत?"

आणि या सगळ्याच्या शेवटी नाक. काय नाक होतं हो त्या माणसाचं! शेजारच्या घरांत पर्यटक उतरतात, त्यांच्या रिकाम्या बाटल्या भाऊजी गोळा करून आणायचे. एकेक बाटली नाकाशी धरायची, डोळे मिटायचे आणि तिची कुंडली वाचायची. "हिच्यात आधी बिअर होती. मग कुणीतरी सिगारेट विझवली. मग घरमालकिणीने रॉकेल ठेवलं. आता धुऊन देतेय, लबाड." आम्ही पैज लावून घरमालकिणीला विचारायला जायचो, आणि रॉकेल खरंच असायचं. कितीही धुतलेली, वाळलेली, उजेडात लखलखणारी बाटली असो, नाकाने 'पास' म्हटल्याशिवाय ती फळीवर चढायची नाही. डोळ्यांना फसवता येतं, नाकाला नाही, असं ते म्हणत. जगातल्या कुठल्याच गोष्टीवर विश्वास न ठेवणारा हा माणूस एका गोष्टीपुढे मात्र मान तुकवायचा, आणि ती गोष्ट त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावरच होती.

धुतलेल्या बाटल्या कुंपणाच्या खुंटांवर उपड्या घालून वाळत ठेवायच्या, त्यामुळे गावात वेगळाच बोभाटा. कुणी म्हणे हातभट्टी आहे, कुणी म्हणे म्हातारा काहीतरी करणी करतो. पुण्या-मुंबईची पोरं-पोरी बाटल्यांपुढे उभं राहून फोटो काढायची आणि भाऊजी झाडाआडून त्यांच्यावर पाळत ठेवायचे. एकदा मिशीवाला एक गृहस्थ कुंपणाशी थांबून म्हणाला, "काका, काय भरता यात?" भाऊजींनी त्याच्या पायांकडे पाहिलं. काळे, पॉलिश केलेले बूट. भाऊजी माझ्या कानाशी लागले, "समुद्रावर काळे बूट घालून कोण येतं? एक्साइजचा आहे." मग त्या माणसाला पडवीत बसवून कोकमाचं सरबत काय, नारळाची वडी काय, नुसती सरबराई. दोन तास तो बसला आणि जाताना भाऊजींच्या गळ्यात विम्याची पॉलिसी मारून गेला. ती पॉलिसी भाऊजी अजून एक्साइजच्या खात्यात धरतात.

हे असं छान चाललेलं होतं. मग गेल्या थंडीत भाऊजींना ताप आला. चांगला आडवं पाडणारा ताप. त्यातून उठले, खायला-प्यायला लागले, आणि त्यांचा संशय एकदम उफाळून आला. वाण्याकडचा हिंग नापास. "नुसतं पीठ विकतोय! वासच नाही!" उदबत्ती नापास. व्हिनेगरची बाटली दुकानात परत नेऊन आदळली, "यात पाणी आहे." वाणी देवाची शपथ घ्यायला लागला. मीही सुटलो नाही. मी नेलेला पांढरा कांदा त्यांनी माझ्यासमोर चिरला, नाकाशी धरला आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच त्यातला वास काढून विकला. पण कळस झाला तो सुकटीवर. कोळीण नेहमीसारखी पाटी घेऊन आली, अख्ख्या आळीला वर्दी गेली, शेजारची मांजरं कुंपणावर जमली, आणि भाऊजींनी पाटीत नाक घालून जाहीर केलं, "भेसळ आहे. सुकटीला वास नाही." कोळणीने पाटी खाली ठेवली. कमरेवर हात ठेवले. "सुकटीला वास न्हाय? मंग दर्यात पानी बी न्हाय म्हना! काका, माजी सुकट हाय ती तशीच हाय. तुमीच कुटं हाव?" मी खो-खो हसलो. ताई हसली नाही. तिने मुकाट्याने पैसे दिले आणि सुकट आत नेली. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण मी कालवणाच्या विचारात होतो.

संशय हा खोकल्यासारखा असतो, शेजारी बसलं की लागतो. या दसऱ्याच्या सुमारास मी नागावला गेलो, तेव्हा बुधल्यांतलं आसव बाटल्यांत भरायची वेळ जवळ आली होती आणि भाऊजींचं धुणं जोरात होतं. दुपारी जेवण करून भाऊजी झोपले. मला झोप येईना, म्हणून मी मागल्या दाराने पडवीकडे गेलो तर तिथे ताई. हातात बाटली, बाटली तोंडापाशी, डोळे मिटलेले. माझ्या पायाचा आवाज झाला तशी तिने बाटली पटकन फळीवर ठेवली. बोलताना तिच्या तोंडाला वेलचीचा वास. माझ्या मनात पाल चुकचुकली. जन्मभर 'मेला घाणेरडा वास' म्हणणारी बाई भरदुपारी चोरून बाटल्या तोंडाला लावते, वर वेलची खाते? त्या दिवशी कालवणही मला गोड लागेना. एकीकडे वाटे, म्हातारपणी तिला कसलं एवढं दुःख झालं? आणि दुसरीकडे वाटे, भाऊजींना कळलं तर?

आणि भाऊजींना तर संध्याकाळीच कळलं होतं. पूर्ण नाही, पण वास लागला होता असं मी म्हणणार होतो. आता ते म्हणवत नाही. प्रत्येक बाटलीच्या काचेला साच्याचा एक उभा सांधा असतो. तुम्ही-आम्ही तो कधी पाहिलेला नसतो. भाऊजी पास झालेली बाटली फळीवर ठेवताना तो सांधा भिंतीकडे करून ठेवतात. त्यांनी मला फळीशी ओढत नेलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "हे बघ. सांधे फिरलेत. आणि ही बाटली सकाळी कोरडी होती, आता आतून ओली आहे. कुणीतरी माझ्या पास बाटल्यांना हात लावतंय. शेजारी पर्यटकांना रांधून घालणारा स्वयंपाकी असेल, नाहीतर तो बूटवाला. उद्या दुपारी मी झोपल्याचं सोंग करतो. आपण दोघं झावळ्यांच्या ढिगाआड बसू. आणि हे बघ, ताकास तूर लागू देऊ नकोस. तुझ्या बहिणीलासुद्धा नाही." मी कसाबसा हो म्हटलं. तूच तर नाहीस ना, अशी एक नजर त्यांनी माझ्यावर टाकलीच.

मी तडक ताईकडे गेलो. बहीण आहे ती माझी. सापळ्यात सापडू देऊ का? म्हटलं, "ताई, झालं गेलं ते असू दे. उद्या दुपारी पडवीत जाऊ नकोस. आणि एवढी तलफच येत असेल तर मी अलिबागेहून काहीतरी घेऊन येत जाईन." ताई आधी बघतच राहिली. मग हसायला लागली, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. "अरे मूर्खा, मी पीत नाही. मी हुंगते. ह्यांचं नाक गेलंय." तापानंतर एकदा चुलीवरचा भात करपून काळा झाला, घरभर धूर, आणि हे शेजारी पेपर वाचत बसलेले. धूर डोळ्यांत गेला तेव्हा उठले. तेव्हाच तिने ओळखलं. डॉक्टरांना तिने परस्पर विचारलं. ते म्हणाले, येईल किंवा नाही येणार, सांगता येत नाही. "वेलची कशाला?" मी विचारलं. "मळमळतं रे मला त्या वासाने! पण हुंगणार कोण? दोन बाटल्या मी परत धुतल्या. आणि आणखी एक आहे, डाव्या कोपऱ्यातली. तिच्यात कुणीतरी फिनेल ठेवलं होतं. ह्यांनी पास केलीय. परवा ती भरली जाईल आणि नाताळात तुम्हीच प्याल." मी म्हटलं, "मग सांग ना त्यांना." ताई म्हणाली, "काय सांगू? सगळ्या जगात त्यांचा एका नाकावर विश्वास. तेच फितूर झालंय म्हणून सांगू? माझ्याच्याने ते तोंडाने सांगवत नाही." मी म्हटलं, उद्या ते झावळ्यांआड बसणार आहेत, तेवढं ध्यानात ठेव. ती उठली, मांडणीवरचं कणीचं भांडं पुढे ओढलं आणि म्हणाली, "बसू दे. बघू दे. डोळ्यांवर अजून विश्वास आहे त्यांचा."

दुसऱ्या दुपारी आम्ही दोघं म्हातारे झावळ्यांच्या ढिगाआड उकिडवे बसलो. आश्विनातलं ऊन, खाली मुंग्या, आणि भाऊजींच्या हातात भरदुपारी टॉर्च. ताई आली. स्टूल ओढून बसली, एकेक बाटली फळीवरून काढून नाकाशी धरायला लागली. भाऊजींनी माझा दंड घट्ट पकडला. "हीच! ही पितेय!" मी म्हटलं, "भाऊजी, रिकाम्या बाटलीतून काय पिणार?" ताईने एक बाटली हुंगली, उजवीकडे ठेवली. दुसरी हुंगली, उजवीकडे ठेवली. कोपऱ्यातली घेतली, हुंगली, तोंड वाकडं केलं आणि डावीकडे ठेवली. पास आणि नापास. मग त्या बाटलीत मूठभर कणी टाकली, व्हिनेगर ओतलं, कोमट पाणी घातलं, तोंडावर अंगठा धरला आणि मनगट गोल फिरवायला लागली, अगदी भाऊजी फिरवतात तसं. तिला कुणी शिकवलं नव्हतं. इतकी वर्षं शिव्या देत देत ती बघत होती. पाणी ओतून तिने पुन्हा हुंगलं आणि पुन्हा कणी टाकली.

माझ्या दंडावरची पकड सैल झाली. भाऊजींनी आवाज खाली न करता विचारलं, "कसला वास आहे तिला?"

"फिनेलचा," मी म्हटलं.

"मी पास केली होती."

"हो."

ते ताईच्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सगळं गाव एकाच वेळी भेसळ करील का रे? एवढं कळत होतं मला. कोळीण बोलली तेव्हाच कळलं होतं. पण म्हटलं, असेल बाबा, भेसळच असू दे." मला एकदम भडभडून आलं. या माणसाने उभा जन्म सगळ्यांवर संशय घेतला, आणि स्वतःवर घ्यायची पाळी आली तेव्हा बिचारा वाण्याशी भांडत बसला. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तर म्हणाले, "मुंग्या झटकतोयस की सांत्वन करतोयस?" आणि उठले.

पडवीत जाऊन ते ताईसमोरच्या स्टुलावर बसले. ताईने मान वर केली नाही. भाऊजींनी न धुतलेली एक बाटली घेतली, कणी टाकली, मनगट फिरवलं, पाणी ओतलं, सवयीने बाटली नाकाशी नेली. तिथे हात थांबला. मग तो हात त्यांनी सरळ ताईपुढे केला. "बघ गं." ताईने हुंगलं. तिने जरा दया दाखवावी असं मला फार वाटलं. पण ताई म्हणाली, "नापास." आणि उभ्या जन्मात दुसऱ्याचा निकाल न मानलेल्या आमच्या भाऊजींनी मुकाट्याने पुन्हा कणीत हात घातला.

म्हणजे ते सुधारले, असं समजू नका. नाताळात बाटली उघडायच्या दिवशी मी गेलो, तर भाऊजींनी आधी एक छोटा ग्लास भरून ताईपुढे धरला. "कसा आहे वास?" ताईने हुंगून ग्लास खाली ठेवला. "हे व्हिनेगर आहे, रंग घातलेलं. परीक्षा घेताय माझी?" भाऊजी ओशाळले. "तसं नाही. मला बरं वाटावं म्हणून तू छान म्हणशील, असा संशय होता." "इतक्या वर्षांत कधी म्हटलंय?" ताईने विचारलं. हा मुद्दा त्यांना पटला. मग त्यांनी खरी बाटली उघडली आणि दुसरा ग्लास तिच्या हातात दिला. ताईने तोंडात वेलची टाकली नाही. तिने डोळे मिटले आणि सावकाश सांगायला लागली, "सकाळी जांभळीखाली झाडायला गेलं ना, की पायाखाली चिरडलेली असतात, तसा आहे. मागून जरासा लवंगेसारखा. आणि अगदी शेवटी ओल्या लाकडाचा, आपल्या रहाटाच्या." भाऊजीही डोळे मिटून ऐकत होते. त्यांच्या नाकपुड्या हलत होत्या, पण ते कानांनीच हुंगत होते. "घाणेरडा नाही?" त्यांनी विचारलं. ताई म्हणाली, "नाही. चांगला आहे. पास."

भाऊजींनी तिच्या हातातून ग्लास घेतला. त्यांच्या मागेच खिडकी होती, तिच्यातून चांगलं ऊन येत होतं. त्यांनी ग्लास तिकडे धरला नाही, फिरवून पाहिला नाही. तसाच तोंडाला लावला आणि पिऊन टाकला.